बबनरावांच्या घरातली बैठक

निघण्याआधी

नाव ठेवायला जागा नाही अशी एकच सहल मी आयुष्यात आखली, आणि ती आखल्याचा पश्चात्ताप मला अजून होतो. आंबेगाव-जुन्नरकडे ज्यांचं जाणं झालं नसेल त्यांनी तिकडे जरूर जावं. रस्ता चांगला आहे, भाकरी त्याहून चांगली आहे आणि माणसांचं तर विचारूच नका. फक्त जाताना सोबत ऑफिस नेऊ नये.

दोन हजार तीन सालचा जानेवारी. भोसरीत आमचा लहानसा कारखाना होता. शेतकरी पाठीवर अडकवून फवारा मारतात ते पंप आम्ही बनवत असू. मी ऑफिसची व्यवस्थापक. बाजारात आमच्या निम्म्या किमतीचे पंप यायला लागले होते, आणि पुढच्या तीन वर्षांत काय धरायचं, काय सोडायचं हे एकदा ठरवणं भाग होतं. मालकांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. त्यांना मी म्हटलं, "साहेब, इथे बसून हे होणार नाही. इथे फोन वाजतात, हातोडे वाजतात. तीन दिवस सगळ्यांना बाहेर नेऊ. घराबाहेर पडला की माणूस मोकळा बोलतो."

हे मी एका हॉटेलात एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले होते तिथे ऐकलं होतं. त्या दिवशी तिथलं जेवण फार चांगलं होतं, त्यामुळे बाकीचंही पटलं असावं.

जागेची शोधाशोध सुरू झाली तेव्हा बबनराव भालेराव आपणहून माझ्या टेबलाशी आले. बबनराव आमच्या दुरुस्ती विभागाचे फोरमन. विभाग म्हणजे ते, दोन मेकॅनिक आणि एक जुनी व्हॅन. बाजाराच्या दिवशी ही व्हॅन एकेका गावात उभी राहायची, आणि आमचा पंप घेऊन जो येईल त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळायचा. बबनराव साध्या माणसांतले, पण सोमवारच्या बैठकीत त्यांच्यासमोर कुणाची खैर नसे. कारखान्याच्या कोपऱ्यात एक लोखंडी टेबल होतं, त्यावर ते हातातला पाना आपटत आणि म्हणत, "म्याडम, तुमचं हे कागदावर लई ब्येस दिसतंय. शेतात चालायचं न्हाई." दुपारी त्याच टेबलावर आम्ही सगळे डबे खात असू. माझ्या डब्यातलं लोणचं ते न विचारता घ्यायचे आणि त्यांच्याकडची चटणी मी.

तर ते आले आणि म्हणाले, "लांब कशाला जायचं? आमच्या बोरीला चला. नवं घर बांधलंय, स्लॅबचं. हॉल असा हाये की वीस माणसं मांडी घालून बसतील. अजून कुणी ऱ्हायलंच न्हाई त्याच्यात."

मला आकाश ठेंगणं झालं. जागेचा प्रश्न सुटला, जेवणाचा सुटला, आणि व्यवस्था बघायला घरचा माणूस मिळाला. मी लगेच वेळापत्रक केलं. रंगीत कागदाची कार्डं कापून घेतली, तक्त्याचे मोठे कागद घेतले, पारदर्शिका भिंतीवर दाखवायचं यंत्र भाड्याने घेतलं. बैठकीचे तीन नियम मी स्वतः जाड मार्करने लिहिले. एक, इथे कुणी साहेब नाही. दोन, मनात असेल ते बोला. तीन, मौन म्हणजे संमती. तिसऱ्या नियमाचं मला विशेष कौतुक होतं, कारण त्याने वेळ वाचतो.

नारायणगाव

आम्ही सहा जण एका जीपमधून निघालो. साहेब, विक्रीचे पाटणकर, ऑफिसमधले दोघे, मी आणि बबनराव. चाकण, खेड, मंचर मागे पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग बदलत गेला. पुण्यात थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर. इथे थंडी म्हणजे हरभऱ्याच्या घाट्यांवरचं दव आणि उसाच्या फडावर तरंगणारा धूर. पाटणकर म्हणाले, "काय प्रसन्न वाटतं!" आणि मान टाकून झोपले.

नारायणगावला चहाला थांबलो. टोमॅटोचा हंगाम सरला होता. बाजाराच्या आवारात रिकामे क्रेट दोन पुरुष उंच रचून ठेवले होते. द्राक्षं नुकती सुरू झाली होती. वडापच्या जीपगाड्या माणसं कोंबून "फाटा, फाटा, आळेफाटा" ओरडत होत्या. बबनराव खाली उतरले आणि तिथून पुढे आमची गाडी दहा मिनिटं हललीच नाही. ज्याला त्याला ते माहीत.

एक उंच, टोपीवाले शेतकरी तर चहाचा ग्लास तसाच टाकून आले. "आवं भाऊ, लई दिस दिसला न्हाई! माझा दट्ट्या अडकतुय पुन्यांदा."

"गुरवारी बाजारात आना. बघू."

ते गृहस्थ मग आमच्याकडे वळले. "तुमी यांच्या कंपनीचं का? आमी पंप तुमचाच घेतो बघा. म्हागाय, पर घेतो. का म्हायतीय? बिघाडला तर हा माणूस हाये." आणि त्यांनी बबनरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चहा हिंदकळला.

मला तो प्रसंग इतका गोड वाटला की मी वहीत टिपून ठेवला, 'ग्रामीण भागातला जिव्हाळा' या मथळ्याखाली. सहलीच्या आठवणींत टिपला. बैठकीच्या टिपणांची वही वेगळी होती, ती पिशवीतच राहिली. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तीन दिवस काढणार होतो, ते त्या माणसाने रस्त्यात उभं राहून फुकट सांगितलं होतं.

गाडीत बसताना बबनराव म्हणाले, "चला पावणं, आता आमची हद्द सुरू." सगळे हसले. मीही हसले. भोसरीत ते मला म्याडम म्हणायचे, पाटणकरांना साहेब, आणि रागावले की कुणालाच काही नाही. पावणं हा शब्द त्यांनी आमच्यासाठी पहिल्यांदा वापरला तो इथे.

बोरी बुद्रुक, पहिली संध्याकाळ

आळेफाट्यावरून आत वळल्यावर रस्ता उसातून जातो. गाडी उसात शिरली तशी बबनरावांनी काचा वर करायला सांगितल्या. "बिबट्या हाये इकडं. दिवसा काय करत न्हाई, पर पावण्यांला धोका नको." पाटणकरांची झोप उडाली ती घर येईपर्यंत.

घराला रंगाचा वास अजून होता. दारात रांगोळी, हॉलमध्ये नव्या सतरंज्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली एक दोनशे पानी वही. मी सहज विचारलं, "हे काय, बबनराव?"

"काय न्हाई. दुरुस्तीचं लिवतो मी. गावाचं नाव, काय मोडलं, का मोडलं. बारा वर्षांचं हाये. बैठकीत दावावं म्हनून काढून ठिवलंय." मग जरा लाजून म्हणाले, "उद्या दावतो."

बबनरावांच्या पत्नी, सिंधूवहिनी, बाहेर आल्या. ऑफिसात मी म्याडम. त्यांनी उंबऱ्यावरच मला ताई करून टाकलं. पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला काय घेणार ते विचारतो, आणि विचारण्याच्या सुरावरून त्याने काय ते ओळखायचं असतं. इथे विचारण्याची पद्धतच नाही. पाण्याचा तांब्या आला, मागोमाग गूळ-शेंगा आल्या, त्या संपायच्या आत चहा आला, आणि चहाचा कप खाली ठेवतो तोच पानं मांडली गेली.

जेवायला मासवडी होती. हा या भागातला खास पदार्थ. बेसनाच्या जाड पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून वळकटी करतात, कापून वड्या पाडतात आणि झणझणीत रश्शासोबत देतात. नाव ऐकून ऑफिसमधल्या एकाने हात मागे घेतला, तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, "नुसतं नाव हाये भाऊ, मासा नदीतच हाये." त्याने नंतर सहा वड्या खाल्ल्या. मी बाजरीच्या दीड भाकऱ्या खाल्ल्या, जे मी घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बबनराव मात्र जेवायला बसले नाहीत. मी म्हटलं, "अहो, बसा की आमच्याबरोबर. डबा खातो तसंच." ते म्हणाले, "आसं कसं? पावणं उठल्याबिगर घरधनी बसतो व्हय?" आणि त्यांनी पाटणकरांच्या वाटीत आणखी रस्सा ओतला.

हात धुताना ते माझ्याजवळ आले. आवाज खाली आला होता. "म्याडम, आमच्या अण्णांना, म्हंजी वडलांना, गावच्या जेवणावळीत भायेर बसवून वाढायचे. वरून टाकायचे, हात लागू नये म्हनून. आज माझ्या हॉलमधी आख्खं हापिस जेवलं. साहेब जेवले. अण्णांनी बघायला पायजे व्हतं."

माझे डोळे भरून आले. पण खरं सांगायचं तर त्या पाण्यात थोडं माझ्या नियोजनाचं कौतुकही होतं. या माणसासाठी आमचं तिथे बसून जेवणं काय होतं हे मला कळलं. अशा माणसाला उद्या त्याच हॉलमध्ये आमच्याशी भांडता येईल का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

बोरी, दुसरा दिवस

सकाळी आम्ही कुकडी नदीवर फिरायला गेलो. काठाच्या दरडीत काळ्या-तांबड्या मातीमध्ये एक फिकट, राखाडी थर दिसतो. संशोधक सांगतात की ती ज्वालामुखीची राख आहे, फार पूर्वी समुद्रापलीकडून वाऱ्याने उडत आलेली. मी चिमूटभर बोटांवर चोळून पाहिली, पिठासारखी मऊ लागली. सिंधूवहिनी म्हणाल्या, "आमी लहानपणी हिनंच भांडी घासायचो. मग पुण्याची माणसं येऊन बघून जायला लागली, तवा कळलं भारी हाये म्हनून." मी हसले. पायाखालच्या गोष्टीची किंमत बाहेरचा माणूस येईपर्यंत कळत नाही, असं काहीसं मी साहेबांना म्हटलं, आणि वर आलो.

पहिलं सत्र होतं, 'आपली ताकद कोणती?' यंत्र लावलं आणि वीज गेली. भारनियमन. ती दुपारपर्यंत येणार नाही असं शेजाऱ्यांनी सांगितलं. माझ्या सगळ्या पारदर्शिका हातात राहिल्या. मी घाबरीघुबरी झाले, आणि घाबरलेल्या व्यवस्थापकाला जे सुचतं ते मला सुचलं. मी बबनरावांना म्हटलं, "कुठून जनरेटर मिळेल का?"

"मिळंल की. फाट्यावर वळखीचा हाये." ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि गेले. जाताना त्यांनी फळीवरच्या वहीकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं, आणि वेळापत्रकाकडे वळले.

जनरेटर घेऊन ते आले तेव्हा सत्र संपलं होतं. आमच्या कंपनीची ताकद आम्ही पाच जणांनी ठरवली होती. मजबूत पत्रा, जुनं नाव, मालकांचा दृष्टिकोन. तिसरा मुद्दा पाटणकरांचा. दुरुस्ती विभागाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण घेणारा माणूस फाट्यावर होता. तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि माझी रंगीत कार्डं अंगणापलीकडे शेजारच्या कांद्यात उडाली. ती वेचायलाही बबनरावच गेले.

दुपारी पाटणकरांनी प्रस्ताव मांडला. व्हॅन विकायची, फिरती दुरुस्ती बंद करायची, पंप बिघडला तर गिऱ्हाईकाने तो दुकानदाराकडे द्यावा आणि दुकानदाराने भोसरीला पाठवावा. त्यातून जे वाचेल ते जाहिरातीला लावायचं. पाटणकर वाईट माणूस नव्हते. प्रस्ताव कागदावर चांगला दिसत होता, आणि कागद बघायची मला सवय होती.

बबनराव स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर, एक गुडघा उभा. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी भिंतीवरच्या दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवलं. "बबनराव, तुमचा विभाग आहे. मनात असेल ते बोला. इथे कुणी साहेब नाही."

ते क्षणभर पाटणकरांकडे बघत राहिले. मग साहेबांकडे. साहेब बबनरावांच्याच सतरंजीवर, बबनरावांच्याच लोडाला टेकून बसले होते. मला वाटलं आता पाना आपटणार. पण हातात पाना नव्हता, पाण्याचा तांब्या होता.

"तुमी समदी जाणती माणसं," ते म्हणाले. "तुमी ठरवाल ते बरंच ठरवाल." आणि मग, "जेवायचं काढायला सांगू का? निवंल सगळं."

मी म्हटलं, जेवणाआधी सगळ्यांनी कार्डावर आपलं मत लिहून द्या, नाव घालायची गरज नाही. सहा कार्डं आली. पाचांवर 'होय' होतं. त्यांतलं एक माझं. सहावं कोरं होतं, एका कोपऱ्याला ओला अंगठा उमटलेला. ते कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. मी तिसऱ्या नियमाकडे पाहिलं आणि ते कार्ड बाकीच्या पाचांत ठेवलं.

त्या जेवणात वहिनींनी तूप वाढलं. पाटणकरांनी नको नको म्हटलं तरी बबनरावांनी स्वतः त्यांच्या भाकरीवर चमचा उपडा केला. "घ्या पावणं, घरचं हाये." पाटणकरांनी नंतर हात धुताना मला म्हटलं, "किती समजूतदार माणूस आहे. मी तर घाबरलो होतो." मी म्हटलं, "म्हणूनच बाहेर यायचं असतं. वातावरणाचा फरक पडतो." हे वाक्य मी बोलले आहे. ते कितीही खोडलं तरी खोडलं जाणार नाही.

परतताना, मंचर

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आली. शेंगा, कांदे आणि वहिनींच्या हातची लसणाची चटणी. बबनराव आमच्याबरोबर आले नाहीत. जनरेटर परत करायचा होता, भांडी परत करायची होती. ते घराच्या पायरीवर उभे होते आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून होते. वही फळीवरच होती, पिशवीची गाठ न सुटलेली. मला ती गाडीत आठवली. उतरून मागावी असं मनात आलं, पण साहेबांना दुपारी पुण्यात काम होतं.

मंचरला मिसळ खायला थांबलो. तर्री इतकी तिखट होती की ऑफिसमधल्या दोघांच्या नाकातून पाणी आलं. मिसळ यायच्या आधी मी बैठकीचं इतिवृत्त लिहून काढलं. ठराव चौथा, फिरता दुरुस्ती विभाग बंद करणे. पुढे मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' अक्षर सुरेख आलं आहे. कागद अजून माझ्याकडे आहे.

पावसाळ्याच्या आधी व्हॅन विकली गेली. बबनरावांना स्टोअरमध्ये बसवलं, तिथे ते नट-बोल्ट मोजत. सोमवारच्या बैठकीला स्टोअरचा माणूस बोलवायची पद्धत नव्हती. दिवाळीला त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला त्यांनी पेढे वाटले, मला दोन दिले आणि कसलंही बोलणं न काढता गेले. मला हायसं वाटलं होतं, हेही इथे लिहून टाकते.

पुढच्या दोन हंगामांत दुकानदार आमचे पंप परत पाठवायला लागले. बिघडलेले नव्हे, नवे. शेतकऱ्याला महाग पंप घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. जे कारण होतं ते नारायणगावच्या त्या टोपीवाल्या शेतकऱ्याने चहाचा ग्लास टाकून येऊन आम्हाला सांगितलं होतं. चौथ्या वर्षी कारखान्याने पंप बनवणं बंद केलं आणि जागा गोदामाला दिली.

पुन्हा बोरी

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एकटीच निघाले. एसटीने नारायणगाव, तिथून वडापच्या जीपने फाटा. बबनरावांचं फाट्यावर दुरुस्तीचं दुकान झाल्याचं कळलं होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा, पण पुढे आठ-दहा पंप ओळीने उभे, त्यांत सगळ्या कंपन्यांचे, आणि आमचे जुनेही. बबनरावांचे केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी हातातलं काम ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"म्याडम! कळवायचं न्हाई व्हय? चला, आधी घरी."

मी म्हणत होते इथेच बसू, पण ऐकतो कोण. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी उसातून बोरीला गेले. वहिनींनी गूळ-शेंगा पुढे ठेवल्या. भिंतीचा रंग जुना झाला होता. तसबीर तीच, फळी तीच, आणि फळीवर आता पिशवीत न गुंडाळलेल्या दोन वह्या होत्या.

"बघू का?" मी विचारलं.

"बघा की. पावण्यानं मागितल्यावर न्हाई म्हनतो का मी?"

मी जुनी वही उघडली. अक्षर वेडंवाकडं, पण नोंद नेटकी. 'नारायणगाव. वॉशर. द्राक्षाचं औषध रबर खातं. दुसरं रबर पायजे.' 'मंचर. नोझल. पाणी क्षाराचं.' 'आळे. पट्टा, तिसऱ्यांदा. बाई फवारा मारते. पट्टा आखूड पायजे, खांद्याला घासतो.' ही पट्ट्याची नोंद मग पानोपानी येत होती. बेल्हे, बाई. ओतूर, बाई. घोडेगाव, सासू-सून दोघी.

कारखान्यात मीच एकटी बाई मोठ्या हुद्द्यावर होते, आणि आमचा पंप बायका पाठीवर घेतात हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे पट्टे पुरुषाच्या मापाचे बनवत होतो. पट्टा दोन इंच आखूड करायला किती खर्च आला असता? काहीच नाही. मी वही मिटली.

"बबनराव," मी म्हटलं, "त्या दिवशी का नाही बोललात? मी विचारलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

त्यांनी मान खाली घातली. "कसं बोलनार? माझ्या घरात बसलेला माणूस. माझं अन्न पोटात. त्याला तोंडावर म्हनू का, तुमी चुकताय म्हनून? आन् आतमधी ही भाकऱ्या करतीय. अण्णा आठवत व्हते दोन दिस."

"मग आता सांगा. आता तर ना कंपनी आहे ना साहेब. मला चार शब्द सुनावा. मला ऐकायचेत."

"आज बी तुमी पावणंच की."

मला रडू यायला लागलं होतं आणि थोडा रागही. मी म्हटलं, "मग पुण्याला माझ्या घरी या. तिथे मी यजमान, तुम्ही पाहुणे. तिथे बोला."

ते हसले, अगदी मनापासून. "दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याचंच मीठ खाऊन, त्यालाच बोलायचं? ते बी न्हाई जमायचं, म्याडम."

"मग कुठे बोलला असता?"

"भोसरीत," ते म्हणाले. "सोमवारी. त्या लोखंडी टेबलावर ना मी पावणा, ना तुमी. तिथं मी कवा गप बसलो व्हतो का?"

नव्हते. एकदाही नाही. त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून त्या टेबलापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर मीच त्यांना आणलं होतं. कारखाना आवरला तेव्हा ते टेबल भंगारात गेलं. भंगाराची यादीही मीच केली होती.

आतून वहिनींची हाक आली, "ताई, पान वाढलंय." मी हात धुतले आणि पाटावर बसले. मासवडी होती. बबनरावांनी वाटीत रस्सा ओतला, पुरे म्हटल्यावर आणखी थोडा ओतला, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी जेवून उठले तेव्हा ते जेवायला बसले.